गाडी धुतली तरी ओरखडे, थरथर आणि ओघळ का राहतात? ऑफ-रोड चिखल काढण्याच्या तपासण्या, सोप्यापासून अवघडापर्यंत

लक्षणं

चिखलातून आलेली गाडी धुतली, वरून स्वच्छही दिसते आहे, पण एक-दोन दिवसांत यातलं काहीतरी समोर येतं:

- भर उन्हात दारांच्या खालच्या भागावर आणि मडगार्डवर बारीक, गोलसर रेषांचं जाळं दिसतं. सावलीत तोच रंग ठीक वाटतो.
- दाराची काच खाली-वर केली की तिच्यावर उभ्या रेषा उमटतात, किंवा पुढच्या काचेवर वायपरच्या मार्गावर एक लांब ओरखडा दिसतो.
- ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. चिखलात जाण्याआधी ही तक्रार नव्हती.
- चाकातून खरखर किंवा कर्कश आवाज येतो, कधी ब्रेक लावल्यावर, कधी न लावताही.
- धुतलेल्या गाडीच्या दाराखालून आणि फूटबोर्डच्या कडेतून पुन्हा मातकट ओघळ येतात.
- चढावर इंजिनाचं तापमान नेहमीपेक्षा वर जातं. गाडी उभी असताना एसी कमी गार करतो.
- एबीएसचा दिवा लागतो किंवा पार्किंग सेन्सर समोर काही नसताना वाजत राहतो.
- खालच्या कडांचं काळं प्लास्टिक पांढुरकं किंवा तांबूस दिसतं.

यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तीनच गोष्टी असतात. चिखल पुरेसा भिजण्याआधी घासला गेला, नजर जात नाही अशा जागी तो शिल्लक राहिला, किंवा प्रेशर वॉशरचा जोर चुकीच्या जागी लागला. म्हणून पुढच्या तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या काहींना वेळ सोडून काही लागत नाही, आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

१. हात लावण्याआधी: गाडी गार झाली आहे का, चिखल भिजला आहे का?

गाडी सावलीत लावून किमान अर्धा तास उभी ठेवा. तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर डिस्क वाकू शकते, आणि मग ब्रेक लावताना पेडल थरथरायला लागतं. सायलेन्सर आणि टर्बोच्या आसपासही तेच. शिवाय गरम पत्र्यावर शाम्पू धुण्याआधीच वाळतो आणि डाग सोडतो.

आता चिखलाबद्दल. वाळलेल्या चिखलात मातीसोबत वाळूचे कण असतात, आणि वाळूत मुख्यतः क्वार्ट्‌झ असतं. मोहस् मापनात क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे, खिडकीच्या काचेची साधारण साडेपाच, आणि रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट तर त्याहून कितीतरी मऊ. हा थर बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. वाळलेल्या खपलीवरून फडकं फिरवलं की तीच वाळू रंगावर रगडली जाते. उन्हात दिसणारं रेषांचं जाळं बहुतेक वेळा चिखलातल्या प्रवासात पडलेलं नसतं, नंतरच्या पुसण्यात पडलेलं असतं.

म्हणून भिजवणं हेच खरं काम आहे. साध्या पाइपने, कमी जोराने सगळी गाडी ओली करा आणि १०-१५ मिनिटं थांबा. मग पुन्हा ओली करा. चिकणमाती पाणी हळू शोषते. वरचा पापुद्रा ओला दिसतो तेव्हा आतला थर अजून कोरडाच असतो. जाड थर असेल तर तीन-चार वेळा भिजवावं लागेल. कडेचा थोडा चिखल नुसत्या पाण्याच्या धारेने आपोआप घसरू लागला की भिजणं पुरेसं झालं असं समजा. नखाने किंवा खरवडणीने तपासू नका.

याच वेळी तीन गोष्टी टाळा: वायपर चालवणं, दाराच्या काचा खाली करणं, आणि कॅमेऱ्याची भिंग बोटाने पुसणं. काचेच्या कडेला जी मखमली पट्टी असते तिच्यात वाळू अडकून राहते आणि प्रत्येक वेळी काच तिच्यावरून घासत जाते. उभ्या रेषा तिथूनच येतात. पट्टीवर पाण्याची हलकी धार वरून फिरवा, ओल्या मऊ ब्रशने साफ करा, मगच काच खाली करा. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात, ते काचेपेक्षाही लवकर ओरखडतात.

२. पाण्याचा जोर आणि अंतर

प्रेशर वॉशर वापरत असाल तर नोझल आधी पाहा. रंगांची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखी आहे: लाल म्हणजे ० अंश, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणासाठी. रंगावर ४० अंशाचं, चाकांच्या कमानीत आणि गाडीखाली २५ अंशाचं. लाल नोझल आणि गोल फिरणारं टर्बो नोझल गाडीला लावूच नये. एकाच बिंदूवर पडणारी धार दगड लागून उडालेल्या रंगाची कड पकडते आणि आख्खा पापुद्रा उचलते.

८० ते १०० बार दाब पुरतो, म्हणजे साधारण १२०० ते १४५० पीएसआय. रंगापासून किमान ३० सेंटिमीटर दूर राहा. स्टिकर, रॅप किंवा संरक्षक फिल्म असेल तर अर्धा मीटर, आणि धार कडेच्या आत शिरेल अशी कधीच धरू नका. टायरच्या बाजूच्या भिंतीवरही जवळून मारू नये. तिथली इजा लगेच दिसत नाही आणि टायर चालत्या गाडीत फुटू शकतो.

काही जागा अशा आहेत जिथे जोराची धार नकोच: ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, हबचं सील, युनिव्हर्सल जॉइंट, ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करण्याची वाट), वायरींचे कनेक्टर, पार्किंग सेन्सर, रेडिएटरच्या जाळ्या, दारांचे रबर. सील बाहेरचा शिंतोडा अडवण्यासाठी बनवलेलं असतं, १०० बारच्या धारेला तोंड देण्यासाठी नाही. आज आत गेलेलं पाणी काही महिन्यांनी बेअरिंगच्या गुणगुणण्यातून कळतं, तोवर धुलाईशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

क्रम असा ठेवा: चाकांच्या कमानी आणि गाडीचं पोट आधी, मग चाकं, मग छतापासून खाली. उलट केलंत तर स्वच्छ दारावर कमानीतला चिखल पुन्हा उडतो आणि तेच पत्रे दोनदा घासावे लागतात.

३. शाम्पू, बादल्या आणि हातमोजा

हाताने धुण्याची पाळी येईपर्यंत ९० टक्के चिखल पाण्याने निघून गेलेला असावा. मातीचे ढेकूळ दिसत असताना हातमोजा लावायचा नाही.

दोन बादल्या घ्या, प्रत्येकी १०-१५ लिटरच्या, तळाशी गाळ अडवणारी जाळी असेल तर उत्तम. एकीत उदासीन पीएचचा कार शाम्पू बाटलीवरच्या प्रमाणात, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा साबणात बुडवा, एक पत्रा धुवा, साध्या पाण्यात खळखळून काढा, मगच परत साबणात. साध्या पाण्याचा तळ मातकट झाला की ते बदला. हात सरळ रेषेत फिरवा, दाबू नका. दाराच्या मध्यरेषेखाली आणि मागच्या बंपरसाठी वेगळा मोजा ठेवा, आणि तो वरच्या भागाला कधीच लावू नका. मोजा जमिनीवर पडला तर त्या धुलाईपुरता तो बाद.

भांड्यांचा साबण वॅक्सचा थर काढून टाकतो. गाडीखाली डिझेल फवारण्याची सवयही सोडा: डिझेलने रबरी बुश फुगतात, आणि ते डिस्कवर उडालं तर ब्रेक नीट लागणार नाही.

पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. तो पसरून टेकवा आणि उचला, घासू नका.

काळ्या खरखरीत प्लास्टिकवर लाल मातीचा तांबूसपणा राहिला असेल तर ऑल-पर्पज क्लीनर १ भागाला १० भाग पाणी, मऊ ब्रश, दोन मिनिटं, आणि वाळण्याआधी भरपूर पाणी. पांढुरका डाग बहुधा प्लास्टिकवर लागून वाळलेल्या वॅक्सचा असतो आणि तोही असाच निघतो. नाही निघाला तर प्लास्टिक उन्हाने फिकं पडलं आहे. घासून ते काळं होणार नाही, त्याला ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे फिकं प्लास्टिक पुन्हा काळं करणारं द्रव्य, लागेल.

४. थरथर: रिमची आतली बाजू पाहा

बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी हे करा. रिमच्या आतल्या पोकळीत, गाडीच्या पोटाकडच्या बाजूला, चिखलाचा गोळा वाळून बसलेला असतो. चाकाचा तोल बिघडायला काही दहा ग्रॅम पुरतात, आणि हा गोळा सहज त्याच्या कितीतरी पट असतो. बाहेरून चाक चकचकीत असतं, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

आतली बाजू भिजवा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने गोळा सोडवा आणि धुवा. मग गाडी अर्धं चाक फिरेल इतकी पुढे घेऊन उरलेला भाग करा. ही अर्ध्या फेरीची पायरी बहुतेक जण गाळतात आणि थरथर तशीच राहते. साफ करताना आत चिकटवलेली वजनं दिसतील. कुठे वजनाच्या आकाराचा डिंकाचा ठसा उरला असेल आणि वजन नसेल, तर ते चिखलाने किंवा धारेने पडलं आहे आणि बॅलन्सिंग करावंच लागेल. थरथर फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर चाकाचा तोल नव्हे, डिस्क तपासा.

५. परत येणारे ओघळ: निचऱ्याची भोकं आणि चासी

दार हलवून पाहा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर खालच्या कडेची निचऱ्याची भोकं बुजली आहेत. ती प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी करा. तार घालू नका. तारेने आतला रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीतली पानं आणि माती काढा, कारण तिथलं पाणी तुंबलं की ते केबिनच्या हवेच्या मार्गात शिरतं.

पेटीसारखी चासी असलेल्या गाड्यांत चिखल भोकांतून आत जातो आणि तिथेच राहतो. ओली माती महिनोन्महिने पोलादाला चिकटून ओल धरते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत पत्रा पातळ झालेला असतो. पाइपच्या टोकाला बारीक नळी जोडून ती भोकात घाला आणि दुसऱ्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून ठेवा. आधी पिवळट, मग गढूळ, मग स्वच्छ. मध्येच थांबलात तर आतला गाळ नुसता भिजून जागच्या जागी बसेल. गाडी खाऱ्या पाण्याच्या चिखलातून आली असेल तर हे काम त्याच दिवशी करा.

इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावरही माती आणि गवत साठतं. वाळलेलं गवत तापलेल्या सायलेन्सरला किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला टेकलं तर आग लागू शकते. ही गोष्ट रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, त्यामुळे बाकी धुलाई उद्यावर गेली तरी गवत आज काढा. गाडीखाली जाताना फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा.

६. तापमान वर जातं: रेडिएटर

इंजिन पूर्ण गार, चावी काढलेली. इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

पुढच्या जाळीतून टॉर्च मारून पाहा. फटी मातीने लिंपलेल्या दिसल्या तर साधा पाइप घ्या, नोझल नको. शक्य असेल तिथे पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने सोडा, म्हणजे माती ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने बाहेर जाईल. पुढून जोर मारला तर ती आणखी आत ठासली जाते, आणि अल्युमिनियमच्या पातळ पाती वाकून हवेची वाट कायमची बंद होते. मध्ये दहा-दहा मिनिटं भिजू द्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या नळीचं तोंड प्लास्टिकने झाका. इंजिनाच्या बाकी भागाला ओलं फडकं आणि मऊ ब्रश पुरे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींच्या जवळ पाणी मारू नका आणि स्वतः काही उघडू नका.

एसीचा कन्डेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत चिखलाची वडी बसली असेल तर ती बाहेरून निघत नाही. दोन्ही वेगळे करावे लागतात, आणि एसीच्या नळ्यांत दाबाखालचा वायू असतो. इथे थांबा, गाडी वर्कशॉपला द्या.

७. ब्रेकचा आवाज आणि दिवे

धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी थर दिसला तर घाबरू नका. तो पृष्ठभागावरचा गंज आहे, चार-पाच वेळा ब्रेक लावला की जातो. धुतल्याबरोबर हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी करू नका, लायनर चिकटतात. आधी मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक हलके दाबत सुकवा.

सतत कर्कश आवाज, ब्रेक न लावताही: डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये खडा अडकला असावा. गाडी हळू मागे-पुढे केल्यावर तो अनेकदा पडतो. पडला नाही तर चाक काढून पत्रा बोटभर मागे ओढावा लागेल. मागे ड्रम ब्रेक असतील आणि खरखर येत असेल, तर चिखल ड्रमच्या आत आहे आणि बाहेरून कितीही पाणी मारून तो जाणार नाही. ड्रम उघडून साफ केला नाही तर लायनर आणि ड्रम दोन्ही झिजतात.

एबीएसचा दिवा बहुधा चाकाजवळच्या सेन्सरच्या टोकावरच्या चिखलाने किंवा कनेक्टरमधल्या ओलीने लागतो. टोक मऊ ब्रशने साफ करा, गाडी एक दिवस सुकू द्या, वीस मिनिटं चालवा. तरीही दिवा राहिला तर वर्कशॉपमध्ये स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या. अंदाजाने सेन्सर बदलू नका. पार्किंग सेन्सर भिजवून, मऊ फडक्याने टिपून घेतले की शांत होतात.

८. ग्रीस, तेल आणि विंचचा दोर

ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या गाडीत धुतल्यानंतर प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटना नवीन ग्रीस द्या, जुनं मातकट ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा, कृत्रिम धाग्याचा दोर पूर्ण उलगडून साध्या पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा, मग गुंडाळा. आत राहिलेली वाळू ताण आला की धागे आतून कापत जाते.

गाडी हबच्या वर पाण्यात गेली असेल तर ॲक्सलचं तेल पाहा. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा फिलर प्लग उघडून बोट बुडवा. आधी तो प्लग सुटतो याची खात्री न करता खालचा ड्रेन प्लग कधीच उघडू नका. तेल दुधाळ असेल तर बदलावं लागेल.

९. ओरखडे: नखाची कसोटी

हे शेवटी, कारण यात वेळ आणि पैसा सर्वात जास्त जातो. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ओरखड्याला आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर खरड क्लिअर कोटच्या वरच्या भागात आहे आणि फिनिशिंग पॉलिशने कमी होईल. त्याआधी हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावर फिरवा. खरखर लागली तर भरपूर लुब्रिकंट मारून क्ले बार (रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ वडी) फिरवा, नाहीतर पॉलिश करताना तीच खर पुन्हा रगडली जाईल. क्ले खाली पडला तर टाकून द्या.

दर फेरीनंतर पॉलिश करू नका. प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही. त्याऐवजी निघण्याआधी वॅक्स किंवा सीलंट लावा. चिखल पुढच्या वेळी लवकर सुटतो. मॅट रंगावर पॉलिश, क्ले आणि साधा वॅक्स यांपैकी काहीच चालत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- इंजिनाने पाणी ओढलं असल्याची शंका आहे. चावी फिरवू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी उचलूनच न्या.
- ब्रेक पेडल मऊ लागतं, खाली जातं, किंवा गाडी एका बाजूला ओढते. चालवत नेऊ नका.
- ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटला आहे किंवा आसपास ग्रीस उडालेलं दिसतं.
- कुठलंही तेल दुधाळ आहे आणि पाणी कुठून आलं ते कळत नाही.
- रेडिएटर साफ करूनही तापमान वर जातं.
- गालिच्याखाली ओल आहे. बऱ्याच गाड्यांत वायरी आणि कंट्रोल युनिट तिथेच असतात; बॅटरी सोडवून घ्यावी लागते.
- ओरखड्यात नख अडकतं, किंवा आतला प्रायमर किंवा पत्रा दिसतो. हे पेंटरचं काम. तोवर तो भाग कोरडा ठेवून टच-अप रंगाने झाका.

वर्कशॉपला देताना चार गोष्टी लिहून द्या: पाणी किंवा चिखल किती उंचीपर्यंत होता, गाडी त्यात किती वेळ उभी होती, पाणी गोडं होतं की खारं, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय धुतलं किंवा उघडलं. एवढ्यावरून मेकॅनिकला कुठला प्लग आधी उघडायचा हे ठरवता येतं.